मोटरहोममधला वास

काशीदच्या किनाऱ्यावर उभ्या केलेल्या भाड्याच्या मोटरहोमच्या संडासात मी बसून आलो, आणि त्याचा आळ माझ्या बापावर जाऊ दिला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, मुलीला नाही. बाबांना तर नाहीच.

वाचायला घाण वाटेल. घाणच आहे. पण त्या दुपारच्या वासाची शिसारी केव्हाच विरली. माझी स्वतःची येते ती जात नाही, म्हणून लिहितो आहे.

गाडी घेतली होती बाबांसाठीच. त्यांना प्रोस्टेटचा त्रास. तासाभरात जावं लागतं, आणि लागलं की थांबवता येत नाही. पालीला एका मुंजीला जाताना वाटेत कुठे धड जागा मिळाली नाही आणि त्यांची पॅन्ट थोडी ओली झाली. तेवढंच. पण त्यानंतर त्यांनी प्रवासच सोडला. तरुणपणी ते मुरूडला सरकारी कचेरीत नोकरीला होते. रेवदंड्याहून मुरूडला जाणारा समुद्राकाठचा रस्ता एकदा परत बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. मग बहिणीनेच शोधून काढलं, की झोपायला जागा, छोटा ओटा, फ्रिज आणि मुख्य म्हणजे संडास असलेली गाडी भाड्याने मिळते आणि आपली आपण चालवता येते.

गाडीवाल्याने सगळं समजावलं. संडासाखाली एक टाकी. गाडीच्या बाहेरच्या अंगाला छोटं दार, त्यातून ती टाकी बॅगेसारखी ओढून काढायची, कुठल्या तरी संडासात ओतायची, धुवायची, परत सरकवायची. सोबत वास मारायला निळ्या औषधाची बाटली. मी टाकीकडे नुसतं बघितलं, हात लावला नाही. दुसऱ्या कुणाचं मी माझ्या हाताने ओतायचं? आमच्या घरात हे काम कधी कुणी केलेलं नाही. ते कायम कुणी तरी दुसऱ्याने केलं, आणि तो कोण, हे आम्ही कधी विचारलंही नाही.

म्हणून निघायच्या आधी मी सगळ्यांना बसवून नियम सांगितला. "गाडीत फक्त लघवी. मोठं काम बाहेर. हॉटेलात, पेट्रोल पंपावर, कुठेही. गाडीत नाही म्हणजे नाही."

"संकल्प सोडतोयस का दादा? हातावर पाणी घालू?" बहीण म्हणाली.

"बरोबर बोलतोय तो," बायको म्हणाली. "नंतर उपसणार कोण?"

बाबा हसले. "मला एवढी परवानगी पुष्कळ झाली. मोठं काम मी घरूनच उरकून निघणार. सरकारी नोकर आहे मी, सगळं वेळेवर."

निळी बाटली मी उघडलीच नाही. नुसत्या लघवीला कशाला, म्हणून दाराच्या कप्प्यात टाकून दिली.

पहिला अर्धा दिवस फार सुखाचा गेला. अलिबाग मागे पडलं तेव्हा बाबा पहिल्यांदा आत गेले, दांडीला धरून, चालत्या गाडीत. बाहेर आले ते चेहरा असा, की परीक्षेत पहिला नंबर आला असावा. "अरे, कलेक्टरला नव्हती ही सोय!" मुलीने टाळ्या वाजवल्या. नागावजवळ त्यांनी शहाळं मागितलं आणि पूर्ण प्यायले, मग दुसरं प्यायले. प्रवासात बाबांना पाणी पिताना मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"आजोबा, परत?" ते पुन्हा उठले तेव्हा मुलगी म्हणाली.

"मोजू नकोस गं. नजर लागेल."

चौलला एका खाणावळीत जेवलो. मी तिसऱ्यांचं सुकं दोनदा मागून घेतलं. "दादा, शिंपल्या तरी ठेव ताटात," बहीण म्हणाली. बाबांनी दहीभात खाल्ला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे हे कुणालाच आठवलं नाही. मला आठवत होतं.

काशीदला गाडी सुरूच्या झाडांखाली लावली. दिवाळी होऊन गेली होती तरी ऊन भाजत होतं. बाबा जेवणानंतर झोपले, संडासाच्या दाराला लागून होती त्या खालच्या जागेवर. आम्ही चौघं वाळूत गेलो. थोड्या वेळात माझ्या पोटात कळ आली. साधी नाही, घाम फोडणारी. एका झोपडीवजा हॉटेलच्या मागचा संडास कुणी तरी दाखवला. दार ढकललं. आतलं सगळं लिहीत नाही. माझ्या आधी गेलेल्यांपैकी कुणी पाणी टाकलेलं नव्हतं, आणि एक जण भांड्यापर्यंत पोचलाच नव्हता. माश्या उठल्या आणि माझ्या तोंडावर बसल्या. मी तसाच मागे फिरलो आणि मांड्या आवळून गाडीकडे पळालो.

बाबा घोरत होते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पातळ दाराच्या आड बसलो. काय झालं ते पाण्यासारखं झालं, आवाजासकट. पाणी टाकलं, खालची झडप ओढली. ती पूर्ण लागली की नाही बघितलं नाही. बघायचंच नव्हतं. सुगंधी फवारा मारला, पाय न वाजवता उतरलो, दार लावून घेतलं आणि परत वाळूत जाऊन बसलो. बायकोने विचारलं, "कुठे गेला होतास?" मी म्हटलं, "फोन आला होता."

आम्ही परतलो तोवर सावली सरकून गाडी उन्हात तापली होती. मुलीने दार उघडलं आणि ती दोन पावलं मागे आली.

"ईऽऽ! आजोबा!"

बायकोने तिला कोपर मारलं. ते कोपर जास्त वाईट. तेवढ्यात वास बाहेर माझ्यापर्यंत आला, फवाऱ्याच्या मोगऱ्यात कालवलेला, आणि मला ओकारी आली. माझ्याच वासाने. बाबा दचकून उठून बसले. दारात आम्ही चौघं, चौघांचे हात नाकाला. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग हळूच हात मागे नेऊन खालची चादर चाचपली. चादर कोरडी होती. तरी ते म्हणाले, "माझ्याकडून झालं का काय? आत जाऊन आलो का मी झोपेत? मला कळलंच नाही रे."

तिथे एका वाक्याचं काम होतं. सगळे हसले असते, बहिणीने जन्मभर चिडवलं असतं, आणि संपलं असतं. पण नियम माझा होता, आणि मुलगी समोर उभी होती.

मी म्हणालो, "असू दे बाबा. होतं असं वयात."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. मोठ्या मनाने, खांद्यावर हात ठेवून. बायको माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

बहिणीने काही चिडवलं नाही. तेव्हाच बाबांनी ते खरं मानलं असणार.

मुरूडला बायको औषधाच्या दुकानात जाऊन मोठ्यांचे डायपर घेऊन आली, वर्तमानपत्रात गुंडाळून. "बाबा, नुसतं प्रवासापुरतं," म्हणाली. बाबांनी पुडकं दोन्ही हातांनी घेतलं. आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले, चालताना पाय फाकवून. ज्या कचेरीत ते नोकरीला होते तिच्यासमोर मी गाडी थांबवली. ते उतरले नाहीत. काचेतून बघितलं आणि म्हणाले, "रंग बदललाय." मुलीने पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

रात्रीसाठी एका नारळ-सुपारीच्या वाडीत गाडी लावायला जागा मिळाली. वाडीवाला म्हणाला, "लावा की, जागा हाय. फकस्त नारळाखाली नको, टपावर पडला तर मला बोल लावू नका." वाडीच्या टोकाला त्याचा संडास होता, तोही वापरा म्हणाला. टाकीचा विषय कुणी काढला नाही. बायको झोपताना माझ्या कानात म्हणाली, "किती समजून घेतोस रे तू त्यांना." मी कूस बदलली.

उजाडताना बाहेरच्या छोट्या दाराचा आवाज आला. मी पडदा बोटभर सरकवला. बाबा बनियनवर होते, कमरेला पंचा. टाकी ओढत, मध्ये थांबून दम घेत, त्या टोकाच्या संडासाकडे चालले होते. दार उघडंच होतं. त्यांनी टाकी उचलून तिरकी केली. नाकाला काही बांधलं नव्हतं. ओतताना त्यांच्या पायावर उडालं, पायावरून खाली ओघळलं. त्यांनी पाय आधी धुतला नाही. आधी टाकी धुतली. बादलीतून पाणी घेऊन, हात आत घालून, बोटांनी खरवडून. पूजेला बसण्याआधी दोनदा हात धुणारा माणूस माझी घाण आपली समजून हाताने काढत होता.

मी उठलो नाही. उठून नुसती टाकी जरी धरली असती, काही न बोलता, तरी आज एवढं वाटलं नसतं. मी पडदा सोडला आणि डोळे मिटून घेतले. बाबा आत आले तेव्हा साबणाचा वास येत होता. थोड्या वेळाने बायकोला म्हणाले, "सूनबाई, मी सगळं स्वच्छ करून ठेवलंय. कुणी हात लावायची गरज नाही." आणि मग, "आता घरी जाऊ या का?"

पुढे दिघीपर्यंत जायचं होतं. आम्ही घरी आलो.

याला दोन वर्षं होऊन गेली. बाबा आमच्याकडेच असतात. दुपारनंतर पाणी पीत नाहीत. डॉक्टर रागावले, संसर्ग होऊन दवाखान्यात राहावं लागलं, तरी पीत नाहीत. डायपर घरातही घालतात. तळा गावी नातेवाइकांकडे लग्न होतं, तर म्हणाले, "तुम्ही जाऊन या. लोकांच्या घरात माझी घाण नको." नातेवाईक जमले की आमच्याकडे ती हकिगत निघतेच, प्रेमाने, हसत, आणि शेवटी कुणी तरी म्हणतं, मुलगा असावा तर असा. मी तेव्हा चहा आणायला उठतो. परवा मुलीच्या मैत्रिणी येणार होत्या, तर बाबांनी मला हळूच विचारलं, "सोफ्यावर ते मेणकापड घालशील का? मी बसतो तिथे." मी घातलं. नीट, चारी कोपरे खोचून.

त्यांच्याशी खोटं बोललो हे एक. दुसरं, त्यांचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास मी काढून घेतला, आणि तो मेणकापड, डायपर, औषधं यांनी परत येणारा नाही. खरं सांगायला रोज सकाळी त्यांच्याजवळ बसतो. रोज ते आधी विचारतात, "वास येतोय का रे माझा?" आणि मी नाही म्हणतो, पेपर उघडतो.

त्यांच्यावर आळ घरच्या सगळ्यांसमोर आला होता. म्हणून त्या सगळ्यांना एकत्र बसवून, बाबांच्या तोंडावर, खरं काय ते सांगणं आणि त्यांची माफी मागणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.