घरत सरांचा तह

पहिल्या महायुद्धानंतरचा तह शिकवायची वेळ आली, की घरत सर एका मुलाला वर्गाबाहेर काढत. मुलाने काही केलेलं नसे. तो जर्मनी असे. आत इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका टेबलाभोवती खुर्च्या टाकून नकाशावर पेन्सिली चालवत, आणि जर्मनी व्हरांड्यात उभा. तास संपत आला की सर दार उघडत, "ये रे, सही कर."

"सर, कशावर?"

"वाचायचं नाय. सही करायची."

वर्ग हसे. सर हसत नसत. "ह्याच्या मनात आता काय चाललं असंल, ते उद्या लिहून आणा," एवढं सांगून ते खडू झटकत निघून जात. पुढचं महायुद्ध का झालं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नसे.

शेजारच्या वर्गात हाच धडा मी शिकवत असे. माझ्या फळ्यावर कारणं, कलमं, परिणाम असे सुवाच्य रकाने असत. मुलं ते उतरवून घेत आणि कान लावत भिंतीपलीकडे. मी इतिहासाचा एम.ए., तोही पहिल्या वर्गात. घरत सर जेमतेम बी.ए. झालेले. स्पष्टच सांगतो, मला त्यांचा मत्सर वाटे. अजूनही वाटतो, माणूस गेला म्हणून तो जात नाही.

पेणच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. वडील मिठागरात होते. सर रोज पेणहून रोह्याला आमच्या शाळेत येत, आणि डब्यात सुकट असली की स्टाफरूमभर वास सुटे. आम्ही नाकं मुरडायचो आणि मग ताटल्या पुढे करायचो. त्यांच्या शिकवण्यात चुकाही असत. एकदा त्यांनी ऑस्ट्रियाचा सम्राट जर्मनीच्या गादीवर बसवला. मी ती चूक स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत दाखवली, आणि दाखवताना मला केवढा आनंद झाला होता! ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, देशमुख सर." दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी मुलांना सांगितलं, "काल माझं चुकलं. देशमुख सरांनी सुधारलं." झालं, मुलांना ते आणखीच आवडायला लागले. अशा माणसाचं करायचं काय?

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मुलांची मारामारी असो की स्टाफरूममधला वाद, ते म्हणत, "जो हरलाय त्याला आधी बोलू दे. जिंकलेल्याला काय घाई हाय?" मला ते वाक्य वर्गापुरतं ठीक वाटे. पुढे ते माझ्याच गावात येऊन बसलं.

आमचं गाव रोह्याकडच्या खांब गावाच्या पुढे. माझी धाकटी बहीण लता ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. एका वर्षी आमच्या मैदानावर कबड्डीच्या सामन्यात दोन्ही गावांची जुंपली. त्यांच्या एका पोराचा हात मोडला, आमच्या दोघांची डोकी फुटली. आमचं गाव मोठं, माणसं जास्त, त्यामुळे मारामारीत आम्ही जिंकलो आणि समेटाच्या अटीही आम्हीच घातल्या. त्यांनी आमच्या देवळात येऊन नारळ ठेवायचा, हात जोडायचे, आणि शिमग्याला त्यांची पालखी आमच्या शिवेवर भेटीला आणायची नाही. त्यांची माणसं आली, नारळ ठेवला, एक अक्षर न बोलता परत गेली. आमच्या लोकांना वाटलं, मिटलं.

मिटलं कुठलं! त्यांच्या गावकीनं ठरवलं, ह्या गावाशी येणंजाणं बंद. त्यांच्या सुनांनी आमच्या गावात पाऊल टाकायचं नाही. लता माहेरापासून तुटली. आम्ही भेटायचो रोह्याच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या गर्दीत. ती आईसाठी काहीबाही पिशवीत देई आणि म्हणे, "दादा, तू येवढा शिकलेला, तू काय तरी कर ना."

मी केलं. रात्रंदिवस डोकं चालवून नवा मसुदा तयार केला. पालखीचा मान, मैदानाचे नियम, दवाखान्याचा खर्च, सगळं मुद्देसूद. आमच्या पंचांनी मान डोलावली. पलीकडच्या गावानं तो उघडलासुद्धा नाही. "लिहून आणलाव म्हंजे तुमी ठरवूनच आणलाव," असं म्हणून परत धाडला.

लताची मुलगी घरत सरांच्या वर्गात होती. लतानं त्यांना सांगितलं. मला न विचारता! आणि सरांनीही मला न विचारता रविवारी पेणहून येऊन थेट पलीकडच्या गावात जाऊन बसायला सुरुवात केली. काय बोलतात म्हणून विचारलं, तर लता म्हणाली, "काय नाय बोलत. चहा पितात नि ऐकतात." हे ऐकून माझं पित्त खवळलं. बहीण माझी, गाव माझं, तहाचा अभ्यास माझा, आणि चहा पिणार हे!

मग ते आमच्या पंचांकडे आले. गावकीच्या अध्यक्षांची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे नाही कोण म्हणणार? बैठक शिवेवर ठरली. आमच्या लोकांनी स्वतःसाठी खुर्च्या नेल्या होत्या. सरांनी त्या परत पाठवून सतरंज्या मागवल्या, आणि पलीकडच्या म्हाताऱ्या पाटलांना म्हणाले, "बोला काका. तुमी पयले."

पाटलांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "हात मोडला त्याचं काय नाय. खेळात मोडतो. पन मारामारी झाल्यावर आमची लहान पोरं तुमच्या मंडपात सामन्याच्या जेवणाला पानावर बसली व्हती. भात वाढलेला. तुमच्या मानसांनी त्यांना पानावरनं उठवलं. भरल्या पानावरनं! ती पोरं उपाशी घरी आली."

अध्यक्षांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी मागे वळून आमच्या वाढप्यांकडे पाहिलं, आणि वाढप्यांनी माना खाली घातल्या. माझ्या मसुद्यात पालखी होती, मैदान होतं, दवाखाना होता. जेवण नव्हतं. कारण आम्ही कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ते अख्खं गाव आमच्याकडे जेवायला आलं. वालाचं बिरडं नि भात, अध्यक्षांनी स्वतः कमरेला पंचा बांधून वाढला. कोणी काही लिहिलं नाही, सही तर नाहीच. त्या शिमग्याला शिवेवर पालख्या भेटल्या.

आणि जेवणाच्या त्या रविवारीच लता माहेरी आली. उंबऱ्यात आईच्या गळ्यात पडून रडली, डोळे पुसले, आणि मला विचारलं काय, तर, "दादा, सर कुठं बसलेत?"

त्या वर्षीपासून भाऊबीजेला ती दोन पाट मांडू लागली. सरांना सख्खी बहीण नव्हती. पहिला पाट त्यांचा. "मोठे हायत ना ते," असं ती म्हणे. मी दुसऱ्या पाटावर बसून माझी पाळी येण्याची वाट पाहत असे, आणि सर माझ्याकडे बघून मिश्कील हसत. "देशमुख सर, तुमचा मसुदा बेस व्हता हां," हे त्यांनी दर वर्षी ऐकवलं. मी दर वर्षी मनात त्यांना चार शिव्या दिल्या.

गेल्या श्रावणात सर गेले. छातीत दुखलं आणि तासाभरात सगळं संपलं. दोन्ही गावांतून टेम्पो भरून माणसं पेणला गेली. लता वडिलांच्या वेळी रडली नव्हती इतकी रडली, आणि त्या गर्दीतही ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

दिवाळीत ती आली. रांगोळी काढली आणि एकच पाट मांडला. "बस दादा," म्हणाली. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. मी पुढे झालो, आणि पाटाशीच थांबलो.

"लते, आणखी एक मांड गो."

"आता कोणाला?"

"मला," मी म्हटलं. "हा त्यांचा हाय."