बोधिसत्त्वाच्या हातातला विळा

टर्पेंटाइनचा वास आला की चौऱ्याहत्तर सालची, परतूरच्या विहारातली ती दुपार आठवते. आमच्या पेंटर मित्राने भिंतीवर अजिंठ्याचा बोधिसत्त्व रंगवला होता, पण माझ्या हट्टापायी त्याच्या हातात निळ्या कमळाऐवजी विळा दिला होता. ज्वारीच्या सोंगणीवरून आलेले एक म्हातारे मामा चुन्याची बादली घेऊनच भिंतीसमोर उभे राहिले. “कमळ कुठंय? जल्दी काढा, न्हाई तर समदं पुसतो.” मी बादलीची कडी घट्ट धरली. “मामा, आपल्या हातात कमळ कधी व्हतं?” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “न्हाई व्हतं, म्हणून तर भिंतीवर पाह्यजे! इळा धरून राह्यलोच की जिंदगीभर.” कडीवरचा माझा हात सुटला. मामांनी मात्र बादली खाली ठेवली. पेंटरने निळा रंग कालवायला घेतला. तेव्हा मला ती आमची हार वाटली होती. आज मला माझ्या त्या प्रश्नाची लाज वाटते.