बोटीसाठी स्पीकर

मी संशयी आहे, हे आधीच कबूल करते. भाजीवाली दोन वांगी जास्त देते तेव्हा मी ती उलटीपालटी करून कीड शोधते. त्यामुळे गावच्या मच्छीमार संस्थेने बोटीवर गाणी लावायचं ठरवलं आणि स्पीकर आणायला माझ्या नवऱ्याला पाठवायचं म्हटलं, तेव्हा मीही सोबत निघाले. संस्थेची सचिव मी, बोट चालवणारा तो. जंगल बघायला आलेली माणसं सुटीच्या दिवशी आमच्या तलावावर बोटीत फिरायला येतात, आणि गाणी नसली तर कंटाळतात.

चंद्रपूरच्या त्या दुकानात तो आधी दोनदा एकटाच जाऊन आला होता. कशाला, विचारलं तर "भाव पाह्यले गेल्तो," एवढंच. हल्ली त्याचं असंच चाललं होतं. आमच्याकडे काठावरून 'कूऽऽ' अशी लांब हाक द्यायची आणि पाण्यातल्याने तशीच परत द्यायची, ही रीत आहे. लग्न झाल्यापासून मी त्याला जेवायला तशीच बोलावत आले. वर्षभरापासून तो उलट हाक देत नव्हता. काय राग धरलाय, मनात दुसरी कोण आहे, काय काय येऊन गेलं माझ्या डोक्यात.

दुकानदार म्हातारे चाचा. पूर्वी गावोगावच्या नाटकांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. त्यांनी दोन सहा इंची स्पीकर आणि एक छोटा अँप्लिफायर समोर ठेवला.

"कागदी पडद्याचा नका घेऊ, बाई. पान्याच्या हवेनं कागद फुगते. हा प्लास्टिकवाला घ्या."

"छोटा काऊन देऊन राह्यले?" नवरा म्हणाला. "मले तो मोठा पाह्यजे."

"भाऊ, तुमची बॅटरी एकच. इंजन बी तिच्यावरच चालू होते. मोठ्यानं सारी बॅटरी खाल्ली, त मधात तलावात काय करसान?"

स्वस्तातलं घ्या म्हणणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. नक्कीच पडून राहिलेला माल असणार. मी स्पीकर उचलून वजन पाहिलं, स्क्रूंवर गंज आहे का ते बघितलं, मागचं स्टिकर नखाने खरवडलं. काही सापडेना, तसा माझा संशय वाढला.

आणि एक गोष्ट मी टिपून ठेवली. चाचांना नवऱ्याशी बोलायचं असलं की ते काउंटरला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला यायचे आणि कानाशी तोंड नेऊन बोलायचे. माझ्यादेखत! मग मला खात्रीच पटली. यांचं साटंलोटं आहे. एकाने छोटा म्हणायचं, दुसऱ्याने मोठा म्हणायचं, आणि बाईला गुंडाळायचं. नवऱ्याच्या पाठीमागून जोरजोरात बोलून मी त्याला दोन टोमणे मारले. त्याने वळूनही पाहिलं नाही.

"एकेक लावून दाखवा," मी म्हटलं. "अन् आवाज हळूच ठेवा." हळू आवाजात खरखर लपत नाही, हे मला घरच्या जुन्या रेडिओने शिकवलं होतं.

चाचांनी पहिला स्पीकर जोडला. नवरा पुढे वाकला आणि त्याने उजवा कान स्पीकरला टेकवला. थोडा वेळ तसाच राहिला. मग ताठ उभा राहून ओरडला, "हा बंद हाय! मेलेला माल देऊन राह्यले तुमी आमाले!"

स्पीकर वाजत होता. बाईचा आवाज होता, मला तीन हातांवरून शब्दन् शब्द कळत होता. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वळसा घालून त्याच्या उजव्या कानाशी आले आणि म्हणाले, "चालू आहे, भाऊ."

मी छोटेच स्पीकर घेतले. बसस्टँडवर त्याच्या समोर उभी राहून विचारलं, "कवापासून?"

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं. "दोन साल झाले. डाव्यानं काईच नाई. उजव्यानं थोडंसं, तेबी कानाशी बोललं तरच."

"मंग मोठा काऊन पाह्यजे होता?"

"मोठ्या आवाजात कोनालेच काई आयकू येत नाई. समदेच हातवारे करतेत. मंग मी बी त्याइच्यातलाच एक." मग म्हणाला, "संस्थेले नको सांगू. बोट जाईन माह्या हातातून."

त्याने दुकानदाराशी संगनमत केलं असतं तर फार बरं झालं असतं, असं मला वाटलं. भांडता तरी आलं असतं. वर्षभर काठावर उभी राहून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि त्याच्यापर्यंत हाकच पोचत नव्हती. मला रडू आलं, पण बस आली.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेला सांगितलं. बोटीत लोकांची लेकरं असतात. कोणी मागे पाण्यात पडलं, ओरडलं, तर? खूप बोलाचाली झाल्या. शेवटी बोट त्याच्याकडेच राहिली, पण प्रत्येक फेरीला मी सोबत बसायचं, या अटीवर. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. या वेळी मात्र तो खरोखर रागावला होता.

आता मी बोटीत त्याच्याकडे तोंड करून बसते. कोणी काही म्हटलं की हाताने खूण करते. गाणं लावलेलं असतं, हळूच. मधूनच तो भुवई उचलून विचारतो, चालू आहे का? मी हो म्हणून मान हलवते. तरी तो हात लांब करून स्पीकरवर तळवा ठेवतो आणि स्वतः खात्री करून घेतो.