आठ कोरड्या केबिनी

माझी धाकटी बहीण फिरती शौचालये भाड्याने देते. लग्न, सभा, सामने, जिथे माणसे जमतात तिथे तिच्या निळ्या केबिनी जातात. नवरा गेल्यावर धंदा तिनेच सांभाळला. मी फक्त फोन घेतो.

गेल्या वर्षी तिने पूरग्रस्तांच्या मदतीसाठी नाव नोंदवले. मग घरात दुसरा विषय नाही. सोळा केबिनी कायम धुऊन तयार. मैला उपसणारी गाडी रिकामी करूनच उभी करायची. तीन तासांत कुठेही पोहोचायचे. दोनदा तर तिने रंगीत तालीम घेतली.

"बाई, पुराच्या आधी आम्हीच वाहून जाऊ," ड्रायव्हर म्हणाला.

"जा, पण जाताना गाडी धुऊन जा."

पूर आला. नदीकाठची माणसे शाळेत आणली. फोन मीच घेतला. घाबरून पत्ता दोनदा विचारला. अडीच तासांत केबिनी उभ्या होत्या, आठ पुरुषांच्या, आठ बायकांच्या, मैदानाच्या टोकाला भिंतीआड. तिथल्या अधिकाऱ्याने शाबासकी दिली.

दुसऱ्या सकाळी उपसायला गेलो. पुरुषांच्या टाक्या भरत आल्या होत्या. बायकांच्या आठही कोरड्या. कागदाच्या गुंडाळीचे टोकसुद्धा सुटले नव्हते.

"बायका किती स्वच्छ ठेवतात बघ," मी म्हणालो. आठवले की अजून लाज वाटते. शेवटचे दार उघडेच टाकून धाकटी वर्गांकडे पळाली.

एका तरुण बाईला स्ट्रेचरवरून बाहेर आणत होते. मागे तिची सासू, कडेवर तान्हे मूल.

"पाणी कधी प्यायली ही?" डॉक्टरीण विचारत होती.

"काल सकाळी," सासू म्हणाली. "प्यायलं की जावं लागतं ना. अख्खं मैदान ओलांडून, पुरुषांच्या रांगेपुढून, त्या भिंतीमागे. आम्ही कुणीच प्यायलो नाही."

धाकटीने वळून मैदानाच्या टोकाच्या भिंतीकडे पाहिले. वीस वर्षे आम्ही केबिनी लपवत आलो आहोत. लग्नघरचे लोक पहिले तेच सांगतात, दिसता कामा नयेत. एवढ्या तालमी झाल्या, पण हात सवयीने भिंतीआडच गेले. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे येऊ नये? मला अजून खरे वाटत नाही.

"बायकांच्या केबिनी इकडे आण," तिने ड्रायव्हरला सांगितले.

"अहो, वर्गांच्या दारासमोर?" अधिकारी दचकला. "दिसायला कसं दिसेल ते?"

"दिसू दे." ती सासूकडे वळली. "मावशी, कुठे ठेवू?"

म्हातारीने बोटाने जागा दाखवली. "इथं. आणि दारं आमच्याकडे करा."

सलाइन लावल्यावर सून डोळे उघडेल, असे डॉक्टरीण म्हणाली. पहिली केबिन टेकताच म्हातारीने मूल धाकटीच्या हातात दिले आणि आत गेली. बाहेर आली ती पदराला हात पुसत.

"आता पाणी द्या," ती म्हणाली. "सगळ्यांना द्या."