बबनरावांची वाफ आणि गोजराबाईंची उकळी

पौषातली सकाळ होती. आमचे मास्तर तीन दिवसांपूर्वीचा पेपर आजचा समजून वाचत होते, मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं, तेवढ्यात कडी वाजली. आमच्या शिरपुरात कडी कोणी वाजवत नाही. लोक रस्त्यातूनच हाक मारतात आणि ओ देण्याआधी घरात येतात. दार उघडलं तर गोजराबाई, कडेवर पाण्याने भरलेला पितळी गुंड घेऊन. बबनरावांच्या हॉटेलात पाणी तापवणारी बाई, आणि पाणी तापवायच्या ऐन वेळी माझ्या दारात.

बसा म्हटलं, तर उंबऱ्याशीच उकिडव्या बसल्या. “घरच्या पऱ्हाट्या सरल्या,” एवढंच म्हणाल्या. आता कपाशीच्या वाळक्या काड्या सरल्या यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. त्याला बबनरावांची बचत माहीत नसणार.

इथल्या जैन देवळाच्या वाटेवर बबनरावांचं हॉटेल आहे. धर्मशाळा भरली की उरलेले यात्रेकरू तिथे उतरतात. लढाई सुरू झाली, रॉकेल कार्डावर गेलं, लाकूड महागलं, आणि बबनरावांना जैन धर्माबद्दल भलताच आदर वाटू लागला. ही मंडळी दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणजे कंदील लावायला नको. “काय धर्म आहे!” असं ते डोळे मिटून म्हणत. त्याच धर्मात पाणी उकळून प्यायची चाल आहे हे आठवलं, की डोळे खाडकन उघडत.

मग सुधारणा सुरू झाल्या. आंघोळीचा बंब एक दिवसाआड पेटू लागला. मधल्या दिवशी पाहुण्यांनी कालची आंघोळ आठवायची. चहाचं पातेलं पाण्याच्या हंड्यावर झाकणासारखं बसवलं. त्या चहाला बबनराव ‘पचायला हलका’ म्हणत. पण त्यांचा खरा शोध पुढेच होता. वाफ दिसली की पाणी उकळलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पौषात भल्या पहाटे विहिरीच्या पाण्यावरही वाफ दिसते. त्या न्यायाने आमची अख्खी विहीर उकळलेलीच म्हणायची.

हंड्यासाठी मोजकीच लाकडं ते स्वतः काढून देत आणि कोठीला कुलूप घालत. वाशीमहून आलेल्या एका साहेबांनी तो हलका चहा घेऊन भर सभेत सांगितलं, की इंधन कसं वाचवावं ते बबनरावांकडून शिका. टाळ्या मीही वाजवल्या. पाणी किती अंशांवर उकळतं ते नागपूरच्या कॉलेजात मी पाठ केलं होतं. ते हॉटेलमालकाच्या मर्जीवर उकळतं, एवढं मात्र पुस्तकात नव्हतं.

आणि गोजराबाई? नवरा रिठद गावी तापाने गेला, तेव्हा सासूला घेऊन त्या इथे आल्या. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या चुलीपुढे आहेत. गंमत अशी, की यात्रेकरू बबनरावांना काही विचारत नाहीत. आत डोकावून यांना विचारतात, “उकळलं का, बाई?” या “हो” म्हणतात, आणि तेवढ्या एका शब्दावर उपाशी माणसं पेला तोंडाला लावतात.

सुधारणेच्या पहिल्याच दिवशी दिलेली लाकडं जळून गेली आणि हंडा नुसता कोमट झाला. यांनी मागच्या दाराने घर गाठलं, वर्षाच्या बेगमीतली पऱ्हाट्यांची एक मोळी आणली, आणि हंडा खळखळेपर्यंत उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. बबनरावांनी पाहिलं, एवढ्याशा लाकडात पाणी उकळतं आहे. शोधाची खात्री पटून त्यांनी पुढल्या आठवड्यात लाकडं आणखी कमी केली. असं करत करत साहेबांनी नावाजलेली बचत गोजराबाईंच्या अंगणातून जळत राहिली. त्यांच्या स्वतःच्या घरी एकवेळच चूल पेटू लागली. सासूबाई मनकर्णाबाईंच्या तोंडात दात नाहीत, त्या शिळी भाकर पाण्यात भिजवून खात आणि सुनेला ऐकवत, “हाटेलातल्या चुलीसंगं पाट लावला काय वो तुनं?”

मालकाला का सांगत नाही, असं मी विचारलं. सांगून पाहिलं होतं म्हणाल्या. मालकाचं उत्तर त्यांनी हुबेहूब त्याच्याच आवाजात ऐकवलं: “तू नुसतं हो म्हनत जाय. हो म्हनाले लाकूड लागत नाई.”

कपाशी अजून शेतात उभी आहे. नव्या पऱ्हाट्या फाल्गुनाशिवाय निघायच्या नाहीत. आणि हॉटेलात खामगावकडची एक म्हातारी उतरली आहे, तीन दिवसांचा उपास धरून. पाण्याशिवाय काही नाही, आणि तेही उकळलेलंच. आज तिचा दुसरा दिवस.

मग उकळलं नाही म्हणून सांगा तिला, मी म्हटलं. कॉलेजात शिकलेल्या माणसाला असे सोपे उपाय चटकन सुचतात.

“तसं सांगतलं त मालक मले उद्या उभी करन काय?” त्या म्हणाल्या. “अन् हो म्हनाव, त जीभ वळत नाई. थ्या बुढीनं काल सकायपासून तोंडात अन्नाचा कन घातला नाई, मास्तरीनबाई. माह्या बोलावर पानी पेऊन राह्यली थे.”

मी उठून आमच्या लाकडांची मोळी बांधायला लागले. त्यांनी माझा हात धरला.

“थे नोका देऊ. तुमच्या लाकडानं हंडा उकळला, त मालक उद्या आनखी दोन लाकडं कमी करन.”

मी लाकडं खाली ठेवली, तसा त्यांनी गुंड आमच्या चुलीच्या दिशेने सरकवला. मास्तरांनीही पेपर खाली ठेवला होता.

“आमच्या चुलीवर कांदा-लसूण शिजतो, गोजराबाई, त्या म्हातारीला चालायचं नाही,” मी म्हटलं.

“चूल मी सारवून घेईन,” त्या म्हणाल्या. “मले तुमच्या चुलीवर थ्या बुढीपुरतं एक गुंड पानी उकळू द्या.”