काळा चौकोन

पडद्यावर माझा बाप एक काळा चौकोन होता.

वंशावळीचा तक्ता होता तो. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आजारी असेल तो काळा. मेला असेल तर वर तिरपी रेघ. नावं नव्हती. बाभुळगावकडचं एक कुटुंब, एवढंच. पण जुळ्या आत्या, शेजारी रेघ मारलेला बाप, त्याच्याखाली प्रश्नचिन्हाचा पांढरा गोल. तो गोल मी. मी काम करायची त्या प्रयोगशाळेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

सर म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या मेंदू जातोय, पण ही मंडळी लग्नं काही थांबवत नाहीत. आपलं बरंच आहे म्हणा, सॅम्पल वाढतात."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

बापानं जन्मात दारूला हात लावला नाही. हातांना, मानेला झटके यायचे, पाय वेडेवाकडे पडायचे. मी आठवीत होते. यवतमाळच्या काळीपिवळीत बसलो तर ड्रायव्हर खेकसला, "सकायीसकायीच पेऊन आला काय बे? उतर!"

बाप उतरला. म्हणाला, "चाल पोरी, पायी जाऊ. त्याले काय मालूम."

मलाही मालूम नव्हतं. म्हणून शिकले. हंटिंग्टनचा आजार. एका जनुकात तीच ती अक्षरं गरजेपेक्षा जास्त वेळा येतात, प्रथिन बिघडतं, मेंदूच्या पेशींत साचतं. बापाला असेल तर लेकराला निम्मी शक्यता. दुसऱ्यांचं रक्त रोज तपासलं, स्वतःचं कधीच नाही. भीती वाटायची. कप बशीत वाजला तरी मी हाताकडे बघायची.

त्या कुटुंबाचं पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. सरांनी संमतीचे फॉर्म माझ्यापुढे टाकले. "तुझ्याच भागातली माणसं. अंगठे घेऊन ये. रिपोर्ट वगैरे सांगत बसू नकोस."

गेले. जुळ्यांतल्या धाकट्या आत्याचा शाईचा अंगठा कागदावर टेकेना, हात उडत होता. मी तिचं मनगट धरलं आणि दाबायला लागले.

आत्या म्हणाली, "मांगच्या साली रगत नेलं माय. काय निंघालं, कोणी सांगतलंच नाही. तुले तं मालूम असन?"

ड्रायव्हरला मालूम नव्हतं. मला होतं. मी मनगट सोडलं आणि ओसरीवर बसून सगळं सांगितलं.

तिनं अंगठ्याची शाई पदराला पुसली. मग म्हणाली, "म्हंजे भाऊ पेत नोहता. थे मले कागदावर लिहून दे."

कोरे फॉर्म मी सरांच्या टेबलावर ठेवले. "आधी त्यांचे रिपोर्ट त्यांच्या हातात. मग अंगठे."

"भावनेच्या भरात संशोधन होत नसतं."

मी टेबलावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "हा माझा बाप. ही मी."

सरांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. आधी हातांकडे बघितलं, हलतात का ते.

बघा म्हटलं. नीट बघा. हे हात उद्या हलतील, नाहीतर नाही हलणार. माझं रक्त मी माझ्या नावानं तपासून घेणार आहे. पण आत्याचा कागद आधी. तोवर त्या गावच्या रक्ताचा एक थेंब तुमच्या फ्रीजमध्ये येणार नाही.