गुणी बाळ

त्या नर्सबाईंना सगळी वस्ती खिडकीवाल्या बाई म्हणूनच ओळखायची. नवं बाळ बघायला कुणाच्या घरी गेल्या, की पाण्याचा पेलाही हातात न घेता त्या बाळाला उचलून थेट खिडकीशी नेत. दिव्याच्या उजेडावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. कपाळावर, मग छातीवर, मग पोटावर बोट हलकेच दाबायचं, उचलायचं आणि काविळीनं कातडी कुठवर पिवळी झालीय ते बघायचं, ही त्यांची पद्धत. उचक्या, शिंका, निघणारी सालपटं, नाकावरचे पांढरे ठिपके असल्या गोष्टींनी हवालदिल झालेल्या आयांची त्या मनसोक्त थट्टा करत. पण कुणी कौतुकानं सांगितलं, की आमचं बाळ भारी गुणी, दिवसभर झोपून असतं, रडणं म्हणून माहीत नाही, तर मात्र त्यांचे कान टवकारत. गुणी बाळांची त्यांना धास्ती होती.

छत्तीस वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि दोनच महिन्यांत त्यांची लेक बाळंत झाली. दवाखान्यातून मुलीला घेऊन ती आईकडेच आली, आणि उंबऱ्यातच तिनं आईला बजावलं. लहानपणी अंगात कणकण आली की आई आधी थर्मामीटर आणायची आणि मग जवळ घ्यायची, हा राग तिनं इतकी वर्षं जपून ठेवला होता.

"आई, या बाळाला आजी हवीय, नर्स नकोय. सारखं तपासत बसू नकोस."

बाईंना ते फार लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं. त्यांनी शब्द दिला.

आणि गंमत म्हणजे आजी होणं त्यांना भलतंच मानवलं. पडदे ओढलेली खोली, पंख्याची घरघर, वाळत टाकलेल्या दुपट्यांचा ओलसर वास, मांडीवर ते एवढंसं ओझं. घड्याळाकडे बघायचं नाही, वहीत काही टिपायचं नाही. तिथे दुपार सरकायचीच नाही, नुसती साचून राहायची. आपण आयुष्यभर किती घाईत होतो, असं त्यांना वाटे, आणि वाटता वाटता डोळा लागे.

चौथ्या दिवशी दुपारीही तसाच डोळा लागला. लेक पलंगावर गाढ झोपली होती, नात मांडीवर. बाईंना स्वप्नात एक लांबच लांब खोली दिसली. तिच्यात त्यांनी आजवर हाताळलेली सगळी बाळं होती. कुणी दुपट्यातून मूठ बाहेर काढलेली, कुणी जांभई देत होतं, आणि सगळी जणू पाण्यावर असल्यासारखी हलके हलके खिडकीकडे सरकत होती. बाईंना इतकं सुख वाटलं की त्या पुढे होऊन एकेकाला हात लावू लागल्या. पण काहीतरी चुकत होतं. इतकी बाळं, आणि त्यातलं एकही रडत नव्हतं.

त्या दचकून जाग्या झाल्या. घरात चिडीचूप होतं. असं सकाळपासूनच होतं, हे त्यांच्या आता लक्षात आलं.

तरी त्या क्षणभर थांबल्या. काही नसेल तर? लेक म्हणेल, चारच दिवस शब्द पाळलास. तेवढ्याशा रागाची त्यांना भीती वाटली, याची लाज त्यांना पुढे जन्मभर पुरली. मग त्यांनी उठून पडदा सारला. कपाळ पिवळं. छाती पिवळी. पोट, मांड्या, डोळ्यांचं पांढरंसुद्धा. तळव्याला टिचकी मारली, तर नातीनं पाय जेमतेम आखडला आणि पुन्हा निपचित झाली.

त्यांनी लेकीला हलवून उठवलं. शब्द दिला होतास, असं ती झोपेतच पुटपुटली.

"दिला होता," बाई म्हणाल्या. "बाळ जागं होत नाहीये. चप्पल घाल."

दवाखान्यात रक्त तपासलं. कावीळ बरीच चढली होती. वेळेत आणलंत, उद्यापर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्यांवर पट्टी बांधून नातीला निळ्या दिव्याखाली ठेवलं. त्या उजेडात ती अगदी पऱ्यांच्या राज्यातली दिसत होती. थोड्या वेळानं एक तरुण नर्स कागद घेऊन आली आणि विचारू लागली. शेवटचं कधी प्यायली? आज किती दुपटी ओली केली? मरगळ कधीपासून आहे?

हेच प्रश्न बाईंनी छत्तीस वर्षं दारोदार विचारले होते. उत्तर न येणाऱ्या आयांना झापलंही होतं. लेकीनं मोठ्या आशेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"मला सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "ती माझ्या मांडीवरच होती. पण मी बघितलं नाही."

"मीच बघू नको म्हटलं होतं," लेक घाईघाईनं नर्सला म्हणाली.

"तू म्हणालीस गं. पण डोळे तर माझे होते."

नर्सनं खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि ती निघून गेली. दोघी बाकावर बसून राहिल्या. लेकीनं डोकं आईच्या खांद्यावर टेकवलं आणि विचारलं, "आता दर दोन तासांनी पाजायचंय म्हणे. मला झोप लागली तर तू उठवशील ना?"

बाईंनी मान डोलावली. मग भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते त्यांनी बघून ठेवलं.